रक्तात काय निघालं?

या केंद्रावर मला एरवी कविता वाचायला बोलावतात. या वेळी विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, मला रक्ताबद्दल बोलायचं आहे. पलीकडे फोनवर क्षणभर शांतता. मग मी घरची हकिकत सांगितली, तेव्हा ते म्हणाले, या आणि बोला.

हकिकत अशी. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. मुलाकडची माणसं शिकलेली, सभ्य. चहापाणी झालं, आणि निघताना मुलाच्या मामांनी मला अंगणात बाजूला घेतलं. हळूच म्हणाले, "तुमच्या थोरल्या भावाचं कानावर आलं. वाईट वाटून घेऊ नका, पण ते तुमच्या रक्तात तर नाही ना?"

आपल्याकडे ‘रक्तात आहे’ हा शब्दप्रयोग फार सहज वापरतात. गाणं रक्तात, भांडण रक्तात, वेडही रक्तात. मी त्यांना तेव्हा काही उत्तर देऊ शकलो नाही. रात्री मुलीने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. कुठल्याशा तपासणी केंद्राची. पैसे भरा, घरी येऊन रक्त नेऊ, तुमच्या शरीरातला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ मोजून देऊ. खाली आजारांची लांबलचक यादी, आणि त्या यादीत स्किझोफ्रेनिया. मुलगी म्हणाली, "अब्बू, करून घेऊ का? कागद आला की त्यांच्यासमोर ठेवता येईल."

मी तिला म्हटलं, दोन दिवस थांब. मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. पण घरात हा आजार चाळीस वर्षं राहायला आला की माणूस मिळेल ते वाचतो, दिसेल त्या डॉक्टरला विचारतो. तसं जे माझ्या पदरात पडलं ते आज सांगतो.

आमचे अब्बा कल्हईवाले. सांगली-मिरजेकडच्या बाजाराच्या गावांतून फिरायचे. स्टेनलेस स्टीलने तो धंदा बुडवला, पण माझ्या लहानपणी घरोघरी तांब्या-पितळेची भांडी होती. भाता ओढायचं काम भाईचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. हाताला असा गुण, की कथील कुठे जाड बसलंय हे न बघता सांगायचा.

१९८३ साली, एकविसाव्या वर्षी, भाई बदलला. भाता ओढता ओढता थांबायचा आणि निखाऱ्यांकडे कान लावायचा. शेजारचे आपल्या पाण्यात काही टाकतात म्हणून पाणी प्यायचा नाही. आंघोळ सोडली, मित्र सोडले. अम्माने जे सगळ्या आया करतात ते केलं. दर्ग्यात नेलं, गंडा बांधला, शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून त्यांच्या देवाचा अंगाराही लावला. शेवटी अब्बांनी मोठ्या गावच्या दवाखान्यात नेलं. तिथे रक्त घेतलं. हिमोग्लोबिन, साखर, आणखी दोन-तीन गोष्टी. दोन दिवसांनी कागद आला. सगळं नॉर्मल.

अम्मा ज्याला त्याला सांगत सुटली, "खून में कुछ नहीं निकला." आधी आनंदाने सांगायची. पुढे तेच वाक्य रडत सांगायला लागली. काही निघालं असतं तर त्यावर औषध असतं, हे तिला कळलं होतं.

आणि मी काय केलं तेही सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय या भाषणाला अर्थ नाही. मी पंधरा वर्षांचा होतो. भाई उठत नाही म्हणून शाळा बुडवून मला भाता ओढावा लागायचा. एक दिवस तो कागद मी त्याच्यासमोर आपटला आणि म्हटलं, "सगळं नॉर्मल आहे. तुला काही झालेलं नाही. काम नको म्हणून सोंग करतोस." भाईने कागद उचलला, उलटसुलट करून पाहिला, नीट घडी घातली आणि मला परत दिला. बोलला काहीच नाही.

त्या कागदात खोटं काहीच नव्हतं. त्या तपासण्या भलत्याच गोष्टी मोजत होत्या, एवढंच. स्किझोफ्रेनिया ओळखणारी रक्ताची तपासणी तेव्हा नव्हती. आणि आजही नाही. डॉक्टर माणसाशी बोलून, घरच्यांना विचारून, लक्षणं किती महिने टिकली ते बघून निदान करतात. रक्त तपासतात ते दुसरं काही नाही ना, हे बघायला. थायरॉइड, संसर्ग, एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरता, अशा गोष्टींनीही माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो.

मग त्या जाहिरातीतला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ काय आहे? हा ‘स्ट्रेस’ म्हणजे परीक्षेचा किंवा कर्जाचा ताण नव्हे, हे आधी सांगतो, कारण बहुतेकांची गाडी इथेच चुकते. हा पेशींमधला रासायनिक मामला आहे.

अब्बांच्या भट्टीवरून सांगतो. तांबं-पितळ हवेत राहिलं की काळवंडतं. हवेतला ऑक्सिजन धातूला धरतो. कल्हईच्या आधी भांडं तापवून अब्बा त्यावर नवसागराची पूड टाकायचे, नाकाला झोंबणारा पांढरा धूर उठायचा आणि काळा थर निघून जायचा. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने आतून फिरवायची, की भांडं चांदीसारखं. कल्हई उडाली की त्यात ताक कळकणार, आमटी कळकणार. शरीरातही ऑक्सिजन हेच करतो. ज्याच्यावर आपण जगतो, तोच वापरला जात असताना काही तुकडे मागे ठेवतो. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. फार उतावळे असतात ते. शेजारच्या रेणूला धरतात आणि बिघडवतात. त्यांना आवरायला शरीराकडे स्वतःची व्यवस्था असते, तिला अँटिऑक्सिडंट म्हणायचं. हल्ला जास्त आणि बंदोबस्त कमी, अशी अवस्था झाली की तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. हेल्मुट झीस या जर्मन शास्त्रज्ञाने १९८५ साली या नावाचं पुस्तक संपादित केलं आणि शब्द रुळला.

या बंदोबस्तातला एक शिपाई मला फार आवडतो. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज असं त्याचं जिभेला वळसा घालणारं नाव. १९३८ साली बैलाच्या रक्तातून एक निळसर, तांबं असलेलं प्रथिन वेगळं केलं गेलं होतं. ते करतं काय, हे तीस वर्षं कुणाला कळलं नव्हतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये दाखवलं, की फ्री रॅडिकलचा नायनाट करणं हेच त्याचं काम. आपल्या तांबड्या पेशींतल्या या प्रथिनात दोन धातू असतात, तांबं आणि जस्त. तांबं आणि जस्त म्हणजे पितळ! अब्बांनी जन्मभर जे घासलं, त्याचेच दोन घटक रक्तात पहारा करत असतात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिलो होतो. अर्थात प्रथिनात पितळ नसतं, दोन धातूंचे सुटे अणू असतात. कवीने उपमेच्या नादाला किती लागायचं यालाही मर्यादा आहे.

आता मेंदू. वजनाने शरीराच्या साधारण दोन टक्के, पण ऑक्सिजन खातो वीस टक्क्यांच्या आसपास. शिवाय मेंदूत चरबी भरपूर, आणि तीही लवकर बिघडणारी, माशाच्या तेलात असते तशी. सुकं खोबरं जुनं झालं की खवट होतं, शेंगदाणे खवट होतात. हवेतल्या ऑक्सिजनने त्यातलं तेल बिघडतं म्हणून. पेशींच्या आवरणातली चरबी अशीच बिघडू शकते. ती बिघडली की मॅलॉनडायअल्डिहाइड नावाचं द्रव्य तयार होतं. ते मोजायची जुनी पद्धत अशी, की नमुन्यात एक आम्ल घालून तापवायचं, गुलाबी रंग येतो, आणि रंग जितका गडद तितका बिघाड जास्त. हीच परीक्षा मांस आणि तेल खवट झालं का हे बघायलाही वापरतात. म्हणजे प्रयोगशाळेतला माणूस रक्ताच्या बाबतीत जे विचारतो, तेच आपल्या घरातल्या बायका खोबऱ्याची वाटी नाकाशी नेऊन विचारतात.

पण मेंदूचा बिघाड रक्तात का शोधायचा? कारण जिवंत माणसाचा मेंदू काढून बघता येत नाही आणि रक्त दंडातून मिळतं. तांबड्या पेशींच्या आवरणातही त्याच जातीची चरबी असते, तेच पहारेकरी असतात. खिडकीतून घरात डोकावल्यासारखं आहे हे. पण ही खिडकी यकृताकडेही उघडते, स्वयंपाकघराकडेही आणि कोपऱ्यावरच्या पानपट्टीकडेही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या शोधाला इतिहास आहे, आणि तो जरा फजितीचा आहे. १९५०च्या दशकात कॅनडात हॉफर आणि ऑस्मंड या दोन डॉक्टरांना वाटलं, की शरीरातलं अ‍ॅड्रिनलिन ऑक्सिजनने बिघडतं आणि त्यातून विष तयार होतं, त्याने हा आजार होतो. त्यांनी नायसिन या जीवनसत्त्वाचे मोठे डोस सुरू केले. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या गटाने सगळं तपासलं आणि त्या उपचाराला आधार नाही असा निर्वाळा दिला.

त्याहून बोलका किस्सा ऑकरफेल्ट यांचा. हे स्वीडनचे जीवरसायनशास्त्रज्ञ. १९५७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा लेख आला. एका बिनरंगी द्रावणात निरोगी माणसाच्या रक्ताचा द्रव टाकला तर ते हळूहळू लाल होतं, आणि मनोरुग्णाच्या रक्ताचा टाकला तर भराभर लाल होतं, असं निरीक्षण. केवढी आशा! वेड ओळखणारी रक्ताची तपासणी मिळाली, असा गाजावाजा झाला. मग इतरांनी करून पाहिलं, आणि हळूहळू उलगडा झाला. रुग्णांच्या रक्तात क जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून रंग लवकर येत होता. आणि ते कमी होतं कारण वर्षानुवर्षं वेड्यांच्या इस्पितळात राहून त्यांना फळं-भाज्या धड मिळत नव्हत्या. म्हणजे ती तपासणी खरीच होती. आजाराऐवजी ती इस्पितळाचं जेवण मोजत होती! सेमूर केटी या अमेरिकन संशोधकाने १९५९ साली अशा सगळ्या दाव्यांचा परखड आढावा घेतला. त्यात आणखी एक नमुना आहे. रुग्णांच्या लघवीत काही वेगळी आम्लं सापडली म्हणून लोक हरखले होते, आणि ती निघाली कॉफीची. रुग्ण कॉफी जास्त पीत होते.

मला हे वाचून हसू आलं आणि लगेच भाईची बिडी आठवली. ती गोष्ट येतेच आहे.

त्यानंतर बराच काळ हा विषय मागे पडला. १९९०च्या दशकात तो पुन्हा नेटाने पुढे आणणाऱ्यांत एक मराठी नाव आहे, साहेबराव महाडिक. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात ते काम करत. १९९६ मध्ये त्यांनी आणि मुखर्जी यांनी स्किझोफ्रेनियातल्या फ्री रॅडिकलचा मोठा आढावा लिहिला. पुढे त्यांच्या गटाने एक महत्त्वाची गोष्ट केली. ज्यांना आजाराचा पहिलाच झटका आला आहे आणि ज्यांनी अजून एकही गोळी घेतलेली नाही, अशांचं रक्त तपासलं. हे अवघड असतं, कारण बहुतेक रुग्ण संशोधकांपर्यंत पोचेतो वर्षानुवर्षं औषधं घेत असतात, आणि मग दोष आजाराचा की औषधाचा ते कळत नाही. २००२ साली त्यांनी प्रसिद्ध केलं, की औषध सुरू होण्याआधीच तांबड्या पेशींतली चांगली चरबी कमी होती आणि बिघडलेल्या चरबीची खूण जास्त होती.

तसंच काम पुण्यातही झालं. भारती विद्यापीठाच्या ‘इंटरॅक्टिव्ह रिसर्च स्कूल फॉर हेल्थ अफेअर्स’मधले पी. के. रांजेकर आणि सहकारी महाडिकांबरोबर होते. त्यांनी २००३ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. तीसेक रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर चार महिने माशाच्या तेलातली ओमेगा-३ चरबी आणि ई व क जीवनसत्त्वं दिली. लक्षणांत सुधारणा दिसली. मात्र या अभ्यासात तुलनेसाठी दुसऱ्या गटाला खोटी गोळी दिलेली नव्हती, त्यामुळे सुधारणा गोळीची की मिळालेल्या लक्षाची, हे ठामपणे सांगता येत नाही. तरी मला हे वाचून बरं वाटलं. आपल्या तिकडच्याच, ज्वारीची भाकरी खाणाऱ्या माणसांचं रक्त कुणीतरी गंभीरपणे बघितलं होतं.

त्याआधी, २००० साली, स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे किम डो आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या मेंदू-मणक्यातल्या पाण्यात ग्लुटाथायोन हे अँटिऑक्सिडंट निरोगी लोकांपेक्षा २७ टक्के कमी असल्याचं दाखवलं होतं. हे रक्ताच्या खिडकीतून नव्हतं, मेंदूच्या अंगणातूनच होतं.

पुढे जगभर डझनावारी अभ्यास झाले. २०१३ मध्ये त्यातल्या ४४ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यातून निघालं ते असं. तो तांब्या-जस्ताचा पहारेकरी रुग्णांच्या तांबड्या पेशींत कमी दिसतो, आजार नवा असो, उसळलेला असो की शांत. तर रक्तातली एकूण अँटिऑक्सिडंट ताकद आजाराच्या सुरुवातीला कमी असते आणि उपचाराने वर येते. म्हणजे एक खूण कायमची, तर एक येती-जाती. आकडे अभ्यासागणिक वरखाली होतात, काही ठिकाणी उलटेही आले आहेत. पण एवढं म्हणता येतं, की या आजारात शरीरात काहीतरी खरोखर घडत असतं. सोंग नसतं ते.

हे वाक्य मला १९८३ साली हवं होतं.

आता बिडी. भाई दिवसाला दोन बंडलं ओढायचा. या आजाराच्या रुग्णांत धूम्रपान फार असतं, आणि धुराने रक्तातली चरबी बिघडतेच, आजार असो वा नसो. मग भाईच्या रक्तात जे दिसेल ते आजाराचं की बिडीचं? औषधांनी वजन वाढतं, साखर वाढते, त्यानेही हे आकडे हलतात. जेवणात पालेभाजी आहे का, वय किती, सगळ्याचा परिणाम. ती ‘एकूण अँटिऑक्सिडंट ताकद’ म्हणतात ना, तिच्यातला मोठा वाटा साध्या युरिक अ‍ॅसिडचा असतो. चांगले संशोधक हे सगळं हिशेबात घेतात. पण पूर्ण सुटत नाही ते. शिवाय हेच आकडे मधुमेहात बिघडतात, नैराश्यात बिघडतात.

आणि सगळ्यात मोठी अडचण सरासरीची. समजा, तुम्हाला मी सांगितलं की दहावीच्या वर्गातले मुलगे सरासरीने मुलींपेक्षा उंच आहेत. खरं आहे. आता मी म्हणतो, एकाची उंची पाच फूट चार इंच आहे, तो मुलगा की मुलगी सांगा. सांगता येईल? रुग्णांचा गट आणि निरोगी गट यांच्या सरासरीत फरक आहे, पण दोन्हीकडचे आकडे एकमेकांत एवढे मिसळलेले असतात, की एका माणसाच्या आकड्यावरून त्याला कुठल्याच बाजूला बसवता येत नाही.

हे मला कुणी समजावलं ते सांगतो. २००५च्या सुमाराला भाईच्या डॉक्टरांनी विचारलं, एका अभ्यासासाठी तुमच्या भावाचं रक्त द्याल का? आणि तुमचंही हवंय. भाई तेव्हा बरा होता. तो म्हणाला, "चल, माझं नेहमीच घेतात, आज तुझंही घेऊ दे." सकाळी उपाशीपोटी गेलो. बिडी, तंबाखू, चहा, मासे, व्हिटॅमिनच्या गोळ्या, सगळं विचारलं. नळ्या लगेच बर्फात ठेवल्या, कारण रक्त नळीतही बिघडत राहतं. संमतीपत्रावर सही करताना मी गट वाचला. तीन गट होते. रुग्ण, घरात आजार नसलेले निरोगी, आणि मधला गट रुग्णांच्या सख्ख्या भावंडांचा. मी मधल्यात. आयुष्यभर मी स्वतःला भाईच्या विरुद्ध टोकाला ठेवलं होतं. तो आजारी, मी धडधाकट. तो बिनकामाचा, मी कमावता. त्या कागदाने मला त्याच्या शेजारी आणून बसवलं. राग आला होता मला. त्या गटात असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, हे शांतपणे कळायला वेळ लागला.

घरी आल्यावर अम्माने विचारलं, "तेरे खून में क्या निकला?" मी म्हटलं, ते सांगत नाहीत. तिला वाटलं मी लपवतोय. मी त्या संशोधक बाईंना पुन्हा जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "दादा, हा आकडा एकट्या माणसाला सांगण्यासारखा नसतोच. पन्नास जणांत मिसळला की त्याला अर्थ येतो. तुम्हाला सांगितला तर तुम्ही रात्रभर झोपणार नाही, आणि त्यातून कळणार काहीच नाही." तेव्हा मला ते टाळणं वाटलं. आज वाटतं, त्यांनी मला प्रामाणिक उत्तर दिलं होतं. अम्मा २०११ साली गेली, तिला मात्र मी ते नीट समजावू शकलो नाही.

मग गोळ्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. अँटिऑक्सिडंट कमी असेल तर बाहेरून द्यावं, हा सरळ विचार. एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन नावाचं औषध आहे, कफ पातळ करायला आणि पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर ते जुनं आहे. शरीरात ते ग्लुटाथायोन तयार व्हायला मदत करतं. ऑस्ट्रेलियात मायकेल बर्क आणि सहकाऱ्यांनी १४० रुग्णांना, खोट्या गोळीशी तुलना करून, २४ आठवडे नेहमीच्या औषधांच्या जोडीने ते दिलं. २००८ साली निष्कर्ष आला, मध्यम स्वरूपाचा फायदा. २०१८ मध्ये लोझानच्या गटाने नव्या रुग्णांवर केलं, तर मुख्य कसोटीवर फायदा दिसला नाही. मात्र ज्यांच्या रक्तात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची एक विशिष्ट खूण आधीपासून जास्त होती, अशा काही जणांत भास-भ्रम कमी झाल्यासारखं दिसलं. या तपासण्यांचा उद्या उपयोग झालाच तर तो असा होईल असं मला वाटतं. आजार आहे की नाही हे सांगायला नाही, तर कुणाला कुठलं जादा औषध लागू पडेल हे निवडायला. पण तो उद्या अजून उजाडलेला नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात कुणाच्या तरी सांगण्यावरून मुलाची नेहमीची औषधं बंद केली आणि महागड्या अँटिऑक्सिडंट गोळ्या सुरू केल्या. काही महिन्यांत तो मुलगा घर सोडून गेला, तो परगावच्या स्टँडवर सापडला. जोडीला काही घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, आहे ते सोडून नको.

दोन दिवसांनी मी मुलीला हे सगळं जमेल तसं सांगितलं. ही तपासणी करून चांगला आकडा आला तरी तुला आजार होणारच नाही असं ठरत नाही, आणि वाईट आला तरी होणार असं ठरत नाही. वाईट यायला तर चार दिवसांचं जागरण आणि बाहेरचं खाणंही पुरे. ती म्हणाली, "म्हणजे कागद मिळणारच नाही?" मी म्हटलं, नाही.

मग मामांना फोन केला. आनुवंशिकतेचा भाग या आजारात आहे, ते मी नाकारलं नाही. एकाच जनुकाने तो येत नाही, कितीतरी जनुकांचे बारीक बारीक वाटे असतात. ज्यांचा सख्खा काका किंवा मामा आजारी आहे त्यांना धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो, पण त्यातल्या शंभरापैकी पंच्याण्णवांना तरी तो होत नाही. हे सगळं सांगितल्यावर मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या आत्याबाईंनाही असंच काहीतरी होतं. आम्ही कधी कुणाला सांगितलं नाही." बोलणी अजून चालू आहेत.

भाई आता त्रेसष्ट वर्षांचा आहे. गेली बारा वर्षं तो क्लोझापिन घेतो. इतर औषधांना दाद न देणाऱ्या आजारावर हे औषध चालतं, पण शंभरात एखाद्याहूनही कमी लोकांत ते रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत कमी करतं. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला आणि पुढे दर महिन्याला रक्त तपासावं लागतं. साखरही बघतो आम्ही. बिडी त्याने एका बंडलावर आणली आहे, म्हणजे मला सांगतो तरी तसं.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही दोघं जातो. बाही तो स्वतःच वर करतो. संध्याकाळी कागद घ्यायला गेलो की बाकावर बसून विचारतो, "काय निघालं?" मी आकडे वाचून दाखवतो. पांढऱ्या पेशी सहा हजार आठशे, साखर एकशे बारा. तो कागद माझ्या हातून घेतो, नीट घडी घालतो आणि आता स्वतःच्याच खिशात ठेवतो. मग आम्ही समोरच्या गाड्यावर चहा घेतो, त्याचा बिनसाखरेचा.